किती उशा घेऊन झोपता? प्रीएक्लाम्प्सियात झालेल्या हृदयाच्या रक्ततपासण्यांचा अनुभव

4 ऑगस्टला मला 31 आठवडे 2 दिवस झाले होते. नेहमीची तपासणी होती. तासाभरात परत येऊ म्हणून निघाले आणि घरी परतले ते 31 तारखेला, तेही बाळाशिवाय. बाळ त्यानंतर आठ दिवसांनी घरी आलं. आता आम्ही दोघी बऱ्या आहोत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कुणाचा जीव टांगणीला लागायला नको.

त्या दिवसांत रात्री जागून मी फोनवर एकच गोष्ट शोधत असायचे: गरोदर बाईचा एनटी-प्रोबीएनपी, म्हणजे हृदयावरचा ताण दाखवणारा रक्तातला आकडा, 386 आला तर त्याचा अर्थ काय? प्रीएक्लाम्प्सियाबद्दल, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून इतर अवयवांवरही ताण येतो त्या आजाराबद्दल, बरंच सापडलं. बीपी, सूज, लघवीतलं प्रोटीन, सगळं. पण त्यात हृदयाच्या रक्ततपासण्या का करतात, याबद्दल मला कळेल असं काहीच मिळालं नाही. मी डॉक्टर नाही. जे झालं ते झालं तसं लिहिते आहे, कुणाला तरी त्या रात्रींत उपयोगी पडेल म्हणून.

पहिल्या दिवशी बीपी आलं 148/96. सिस्टरनी मला पाच मिनिटं गप्प बसवलं, पाठ टेकवून, पावलं जमिनीला लावून, दंड हृदयाच्या उंचीवर ठेवून. मग मोठा कफ, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा, लावून परत घेतलं. (दंड जाड आणि कफ लहान असेल तर आकडा उगाच जास्त येतो. घरी मशीन घेणार असाल तर कफचं माप बघूनच घ्या, आणि ते मशीन गरोदरपणासाठी तपासलेलं आहे का हेही विचारा.) दुसऱ्यांदाही 146/98. निदान करायचं तर 140/90 किंवा त्याहून जास्तीचा आकडा किमान चार तासांच्या अंतराने दोनदा यावा लागतो, म्हणून चार तास बाकावर बसून राहिले. चार तासांनी 152/98. लघवीतल्या प्रोटीन आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर 0.3 च्या वर गेलं तर ते जास्त धरतात, माझं 0.9 होतं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आज घरी जायचं नाही."

मला रडू आलं ते भीतीने कमी आणि रागाने जास्त. तेराव्या आठवड्यापासून रोज रात्री मी 150 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेत होते, एकही दिवस चुकवला नव्हता. मॅडमनी त्यावर शांतपणे सांगितलं की 2017 साली एक मोठा अभ्यास झाला होता. जास्त धोका असलेल्या बायकांनी याच डोसने अ‍ॅस्पिरिन घेतली तेव्हा 37 आठवड्यांच्या आत होणारा प्रीएक्लाम्प्सिया निम्म्याहून जास्त कमी झाला. सगळ्यांचा टळला नाही. मी त्या उरलेल्यांतली. "तुमचं काही चुकलं नाही," हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा कुठे ते माझ्यापर्यंत पोचलं.

बीपीसाठी लॅबेटॅलॉलच्या गोळ्या सुरू झाल्या. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची दोन इंजेक्शनं झाली, 24 तासांच्या अंतराने. प्लेटलेट्स, क्रिएटिनिन, लिव्हरचे एन्झाइम ठीक आले. एक नळी वेगळ्या लॅबला गेली, तिचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला. एसएफएलटी-1 आणि पीएलजीएफ या दोन प्रथिनांचं ते गुणोत्तर. ही दोन्ही प्रामुख्याने वारेतून येतात. पहिलं रक्तवाहिन्यांच्या विरोधात काम करतं, दुसरं बाजूने. ते 38 किंवा त्याच्या आत असेल तर पुढचा आठवडाभर प्रीएक्लाम्प्सिया होण्याची शक्यता अगदीच कमी, असं 2016 च्या एका अभ्यासात दिसलं होतं. माझं 112 होतं. निदान तर आधीच झालेलं होतं, आता आजार किती जोरात आहे त्याचा अंदाज आला.

इथपर्यंत सगळी चर्चा वारेची आणि बीपीची. हृदयाचं नाव कुणी काढलं नव्हतं.

7 तारखेच्या रात्री ड्युटीवर ज्या सिस्टर होत्या त्यांच्यामुळे ते निघालं. रात्री अकराला बीपी घ्यायला आल्या आणि माझ्या पाठीमागे बघत उभ्या राहिल्या. मी शेजारच्या रिकाम्या पलंगावरची उशी घेऊन तिसरी लावली होती. त्यांनी विचारलं, "घरी किती उशा घेऊन झोपता?" मी म्हटलं, एक. "इथे तीन का?" मी म्हटलं, आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं, पोट वाढलंय ना. त्यांनी हो-नाही काही म्हटलं नाही. दोन उशा काढल्या, मला सपाट झोपवलं, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला आणि घड्याळ बघत उभ्या राहिल्या. 97 वरून 94 वर आला. मग उशा परत लावून दिल्या आणि फाइलमध्ये लिहिलं. मी ते अक्षर सकाळी वाचलं: "3 उशा. आडवे झाल्यावर दम."

हीच गोष्ट मी दहा दिवस आधी बाहेर एका ठिकाणी सांगितली होती. तेव्हा "सातव्या महिन्यात असं व्हायचंच" म्हणून मला परत पाठवलं होतं. गरोदरपणात दम लागतो हे खरंच आहे. रक्तातलं पाणी चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं आणि हृदयाला तेवढं जास्त काम पडतं. पण म्हणून दम लागतोय एवढंच सांगून थांबू नका. किती उशा लागतात, किती पायऱ्यांवर थांबावं लागतं, रात्री दम लागून जाग येते का, हे मोजून सांगा. मोजलेली गोष्ट फाइलमध्ये जाते.

8 तारखेला सकाळच्या राउंडला मॅडमबरोबर हृदयविकाराचे डॉक्टरही आले. एनटी-प्रोबीएनपी आणि हाय सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन अशा दोन तपासण्या लिहून दिल्या. बीएनपीमधला 'बी' म्हणजे ब्रेन असं मी फोनवर वाचलं आणि माझ्या मेंदूत काही झालंय की काय म्हणून हादरले. डॉक्टरांनी समजावलं: हा रेणू 1988 साली जपानी संशोधकांना पहिल्यांदा डुकराच्या मेंदूत सापडला, म्हणून ते नाव पडलं. प्रत्यक्षात तो मुख्यतः हृदयाच्या स्नायूत तयार होतो. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की स्नायू तो रक्तात सोडतो. ट्रोपोनिन वेगळं. स्नायूला इजा झाली की ते बाहेर पडतं. एक ताणाचं माप, दुसरं इजेचं. प्रीएक्लाम्प्सियात रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, त्यांच्याविरुद्ध रक्त ढकलून हृदय ताठरतं, आणि ते ताणाच्या मापात दिसू शकतं.

संध्याकाळी सातला रिपोर्ट फोनवर आला, राउंडच्या आधी. एनटी-प्रोबीएनपी 386 पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. शेजारी छापलं होतं: 125 पेक्षा कमी. लाल अक्षरात. आणि खाली हृदय निकामी होण्याबद्दल दोन ओळी. ती रात्र मी विसरणार नाही. नवरा खुर्चीत बसल्याबसल्या झोपला होता, त्याला उठवायचं धैर्य झालं नाही. पोटावर हात ठेवून बाळाच्या लाथा मोजत बसले.

सकाळी कळलं ते असं. छापलेली मर्यादा गरोदर बायकांसाठी ठरवलेली नव्हती. दम लागून तातडीने आलेल्या माणसात 300 च्या आत आकडा असेल तर हृदय निकामी झालेलं नाही असं बहुधा धरतात, पण तीही मर्यादा आमच्यासारख्यांवर बेतलेली नाही. निरोगी गरोदरपणात हा आकडा सहसा कमीच राहतो. प्रीएक्लाम्प्सियात, विशेषतः लवकर सुरू झालेल्या आणि तीव्र आजारात, तो जास्त सापडतो. पण अमुक आकड्याच्या वर गेलं की अमुक गुंतागुंत होणार, अशी सगळ्यांनी मान्य केलेली रेघ नाही. पुढच्या 48 तासांत आईला गंभीर त्रास होईल का याचा अंदाज बांधायला डॉक्टरांकडे फुलपियर्स नावाचं गणित होतं. त्यात आठवडे, छातीत दुखणं किंवा दम, ऑक्सिजन, प्लेटलेट्स, क्रिएटिनिन आणि लिव्हरचा एक एन्झाइम घेतात. हृदयाचे रेणू त्यात नाहीतच. "मग केली कशाला?" असं मी जरा तुटकपणे विचारलं. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही तीन उशा घेता म्हणून. आणि उद्या हाच आकडा दुप्पट झाला तर मला कळावं म्हणून. आज पहिला आकडा हातात आला."

9 तारखेला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. रक्त बाहेर ढकलायची ताकद, इजेक्शन फ्रॅक्शन, 60 टक्के, म्हणजे छान. पण ढकलून झाल्यावर डावा कप्पा जेवढा सैल पडायला हवा तेवढा पडत नव्हता. हृदय कमजोर नव्हतं, ताठ होतं. त्या दिवसापासून पाणी किती प्यायले, लघवी किती झाली, सगळं तक्त्यावर येऊ लागलं. सलाइन लावायचं तर तासाचं माप ठरवून. डिलिव्हरीच्या वेळी भराभर सलाइन सोडू नये, असं फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं गेलं.

ट्रोपोनिन मात्र इतकं कमी आलं होतं की मशीनला ते मोजताच आलं नाही. आम्ही खूश झालो. दुपारी लॅबच्या मॅडमचा फोन आला: "ताई, केसांसाठी काही गोळ्या घेता का?" घेत होते. मोठ्या डोसची बायोटिनची गोळी, घरून आणलेल्या डब्यात होती, आणि औषधांच्या यादीत मी ती सांगितलीच नव्हती, कारण मला ती औषध वाटतच नव्हती. काही मशीनची तपासणी बायोटिनवरच चालते. रक्तात ते जास्त असेल तर ट्रोपोनिन खोटंच कमी दिसू शकतं. गोळ्या बंद करून तीन दिवसांनी परत रक्त घेतलं. 7 आलं, मर्यादेच्या आतच. तरी ते तीन दिवस टांगतेच गेले. डब्यात जे जे असेल ते सगळं डॉक्टरांसमोर ओता, जीवनसत्त्वं, केसांचं, नखांचं, सगळं.

याच सुमारास एका अभ्यासासाठी संमती मागायला एक डॉक्टर आल्या. हृदयाच्या याच रेणूंवरून प्रीएक्लाम्प्सियातली गुंतागुंत आधी ओळखता येईल का, हे त्या बघत होत्या. नेहमीचं रक्त काढताना एक नळी जास्त, सुई वेगळी नाही. चार पानांचा फॉर्म होता. मी एक दिवस मागून घेतला आणि तो दिला गेला. मी तीन प्रश्न विचारले: नाही म्हटलं तर उपचारात फरक पडेल का, मधेच थांबता येईल का, माझा आकडा मला कळेल का. पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो. तिसऱ्याचं नाही, कारण त्या नळ्या गोठवून ठेवतात आणि सगळ्यांच्या एकदम तपासतात. मी सही केली. तिसऱ्या उत्तराने जरा खट्टू झाले, पण फॉर्मवर ते स्पष्ट लिहिलेलं होतं.

मग आठवड्यातून दोनदा एनटी-प्रोबीएनपी. 12 ऑगस्टला 402, 15 ला 395, 19 ला 418. माझी आई ते वहीत लिहायची. दर वेळी थोडं वर-खाली झालं की आमचे चेहरे बदलायचे, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की एवढा फरक कुणातही पडतो, त्याला वाढ म्हणत नाहीत. किडनी मंदावली तरी हा रेणू रक्तात साचतो, म्हणून शेजारी क्रिएटिनिन लिहा, दोन्ही मिळून वाचायचे असतात. शिवाय प्रत्येक वेळी तीच लॅब, तीच तपासणी. बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी हे वेगळे आकडे आहेत. ट्रोपोनिन 'आय' आणि 'टी' यांचीही तुलना करता येत नाही.

22 ऑगस्टला, 33 आठवडे 6 दिवसांवर, 910 आलं. क्रिएटिनिन होतं तेवढंच. संध्याकाळपर्यंत बीपी 166/110, कपाळ फुटतंय असं डोकं दुखायला लागलं, डोळ्यांसमोर चमकायला लागलं, प्लेटलेट्स 1,08,000 वर आल्या. बाळ बाहेर काढायचं ठरलं ते डोकेदुखीमुळे, न उतरणाऱ्या बीपीमुळे आणि 34 आठवडे भरत आल्यामुळे. 910 हा आकडा सकाळपासून माहीत होता, पण त्यावर एकट्यावर कुणी निर्णय घेतला नाही.

झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट सुरू केलं. 2002 च्या एका मोठ्या चाचणीपासून हे सर्वत्र मान्य आहे, त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. शिरेत ते शिरतं तेव्हा मानेपासून तळपायापर्यंत एकदम भट्टी पेटल्यासारखं होतं. हे मला आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. दर तासाला कुणी तरी गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का बघायचं. पाय उडायचा थांबला तर डोस जास्त होतोय असं समजतात. 23 तारखेला सकाळी सिझर झालं. मुलगी, 1 किलो 780 ग्रॅम. ती रडली, मला गालाला लावली आणि नेली.

सगळ्यांना वाटलं, सुटलो. मलाही. जी गोष्ट मला कुणी आधी ठासून सांगायला हवी होती ती हीच: बाळ बाहेर आलं तरी आजार लगेच जात नाही. डिलिव्हरीनंतर साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत बीपी परत चढू शकतं, आणि अंगातल्या सुजेचं पाणी रक्तवाहिन्यांत परत यायला लागतं. ताठ झालेल्या हृदयाला नेमकं तेच झेपत नाही. 25 तारखेला मला साध्या वॉर्डात हलवायचं चाललं होतं, पलंग हवा होता. हृदयाच्या डॉक्टरांनी 910 कडे बोट दाखवून मला हाय डिपेन्डन्सी युनिटमध्येच, म्हणजे सतत नजर ठेवतात त्या विभागात, ठेवायला लावलं, तीन दिवस पुरे होईपर्यंत.

26 च्या पहाटे पावणेतीनला मला जाग आली ती श्वासासाठी. उठून बसले तरी पुरत नव्हता. खोकल्यात फेस. मशीन माझ्या आधीच वाजत होतं, ऑक्सिजन 90. पाच मिनिटांत मास्क, लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइडचं इंजेक्शन, पलंगाशीच एक्सरे. फुप्फुसात पाणी होतं. एनटी-प्रोबीएनपी 2,140. सकाळी आठपर्यंत दीड लिटरच्या वर लघवी झाली आणि मी एका उशीवर टेकू शकले. इको परत केला. बाळंतपणाच्या आसपास हृदयाचा स्नायूच कमजोर होतो असा एक आजार असतो, तो नाही ना हे बघायला. इजेक्शन फ्रॅक्शन 54. तो नव्हता. मी वॉर्डात असते तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही पुरा करत नाही.

31 ला डिस्चार्ज मिळाला. जाण्याआधी मी डिस्चार्ज कार्डावर सगळे एनटी-प्रोबीएनपी तारखांसह लिहून मागितले. आधी फक्त "प्रीएक्लाम्प्सिया, सिझेरियन" एवढंच होतं. हे जरूर मागा. पुढच्या डॉक्टरला तुमची वही नाही, ते कार्डच दिसणार.

खर्चाचं सांगायचं तर या तपासण्या बाळंतपणाच्या पॅकेजात नव्हत्या आणि नेहमीच्या रक्ततपासण्यांपेक्षा बऱ्याच महाग पडल्या. दर खेपेला वेगळी पावती. विम्याचं पत्र 15 सप्टेंबरला आलं: नामंजूर, तपासणी संशोधनात्मक. कारण शोधलं तर पहिल्या चिठ्ठीवर "स्क्रीनिंग", म्हणजे लक्षणं नसताना केलेली तपासणी, असा शब्द पडला होता. डॉक्टरांकडून नवं पत्र घेतलं, त्यात "आडवे झाल्यावर दम, ऑक्सिजन 94, हृदयावरील ताण तपासण्यासाठी" असं नेमकं लिहिलं, सोबत सिस्टरनी लिहिलेल्या त्या रात्रीच्या पानाची प्रत लावली. 27 ऑक्टोबरला पैसे जमा झाले. अभ्यासासाठी दिलेल्या नळीचे पैसे लागत नाहीत, ती यात येणारच नाही, हेही बिलावर तपासून घ्या.

बीपीसाठी एनालाप्रिल चालू होतं, दूध पाजताना चालतं ते. नोव्हेंबरात बंद झालं. त्याआधी 4 ऑक्टोबरला, सहा आठवड्यांनी, एनटी-प्रोबीएनपी 88 आणि इको अगदी नीट. त्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, म्हणजे संपलं ना? ते म्हणाले, हा प्रसंग संपला. प्रीएक्लाम्प्सिया झालेल्या बायकांना पुढे आयुष्यात हृदय निकामी होण्याचा धोका इतरांच्या साधारण चौपट आणि हृदयविकाराचा दुप्पट आढळतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2011 पासून प्रीएक्लाम्प्सिया हृदयाच्या जोखमीच्या यादीतच घातला आहे. म्हणून वर्षातून एकदा बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, आणि कुठल्याही नव्या डॉक्टरकडे गेल्यावर गरोदरपणाचा हा इतिहास न विचारता सांगायचा. चौपट हा शब्द ऐकून पोटात गोळा आला होता. मूळ धोका या वयात लहान असतो, त्याचा चौपट, हे त्यांनी लगेच सांगितलं म्हणून घरी येईपर्यंत सावरले.

त्या रात्रीच्या सिस्टरना भेटायला मुलीला घेऊन गेले होते. त्यांची दुसरीकडे ड्युटी लागली होती, भेट झाली नाही. चिठ्ठी ठेवून आले. एका उशीवर झोपते, एवढंच लिहिलं त्यात. पुढची तपासणी फेब्रुवारीत आहे.